शेवटच्या टोकाचा वाटा

जे पाणी माणसाला पिता येत नाही आणि पिकालाही देता येत नाही, ते आटले तर हळहळ कशासाठी करावी? लातूरच्या माणसाने हा प्रश्न विचारला तर त्याला कोणी निष्ठुर म्हणू नये. 2016 च्या एप्रिलमध्ये ज्या शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्याने दूरच्या एखाद्या खारट तळ्याची चिंता कोठून करावी? तरीही प्रश्न टाळता येत नाही. कारण त्याच हंगामात पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला असे एक तळे आटले.

बोलिव्हिया देशात अँडीजच्या पठारावर, सुमारे 3,700 मीटर उंचीवर, पोपो नावाचे सरोवर आहे. विस्ताराने ते देशात दुसरे. खोली मात्र जेमतेम तीन मीटर. वरच्या टिटिकाका सरोवरातून निघालेली देसाग्वादेरो नदी त्याला पाणी पुरवते. पुढे समुद्राकडे वाट नाही. पाणी उन्हावाऱ्याने उडून जाते, क्षार मागे राहतात. अशा उथळ तळ्याचा सारा संसार रोजच्या आवकीवर चालतो. गाठीला शिल्लक नसते. 2015 च्या डिसेंबरात ते कोरडे पडले. मासे मेले, पक्षी परागंदा झाले आणि तळ्यावर जगणाऱ्या उरू जमातीतील अनेकांना मिठागरांची व खाणींची मजुरी पत्करावी लागली.

ही निसर्गाची करणी, असे कोणी म्हणेल. ते सर्वस्वी खोटे नाही. ते वर्ष एल निनोचे होते. 1990 च्या दशकातही पोपो आटून पुन्हा भरले होते. आपल्या लोणारचे खारे पाणीदेखील 2020 च्या उन्हाळ्यात ओसरले, क्षारता वाढून सूक्ष्मजीवांमुळे गुलाबी झाले आणि पुढे पूर्ववत झाले. परंतु पोपोच्या वरच्या अंगाला शेतीसाठी नदीचे पाणी वळवले गेले होते. खाणींचा गाळ तळ्यात उतरत होता. तापमानवाढीने बाष्पीभवनही वाढले होते. पाऊस माणसाच्या हाती नव्हता. तो न पडल्यास आधी कोणी कोरडे राहावे, हे मात्र बऱ्याच अंशी माणसाने ठरवले.

येथे हा प्रश्न आपल्या अंगणात येतो. पोपो खारट होते म्हणून विसरले गेले आणि शेवटी होते म्हणून आटले. शेवटी असणे म्हणजे काय, हे मराठवाड्याला सांगावे लागत नाही. जायकवाडीसाठी आपण वरच्या जिल्ह्यांकडे वाटा मागतो. 2005 च्या कायद्याने समन्यायी वाटपाचे तत्त्व मान्य केले आहे. तोच नांदेड जिल्हा बाभळी बंधाऱ्यापाशी मात्र वरचा ठरतो आणि खाली तेलंगण असते. त्या बंधाऱ्याचे दरवाजे 1 जुलै ते 28 ऑक्टोबर उघडे ठेवावेत, हे 2013 साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने पक्के झाले. गोदावरीच्या एकाच काठावर आपण एकदा खालचे असतो, एकदा वरचे.

खालच्या माणसाला निदान न्यायालयात जाता येते. तळ्याला ती सोय नाही. म्हणून त्याचा वाटा वरच्याच्या सदसद्विवेकावर अवलंबून राहतो. तहानेचा हक्क पहिला, याविषयी वाद नको. कोणत्याही तळ्यासाठी लेकराला तहानलेले ठेवता येणार नाही. पण तहान भागल्यानंतर आणि नगदी पिकाचा हिशेब मांडण्यापूर्वी शेवटच्याचा वाटा बाजूला काढणे, हे कर्तव्य आहे. जे आपल्या उपयोगाचे नाही त्याला वाटा नाही, ही सवय एकदा जडली की ती तळ्यापाशी थांबत नाही. कालव्याच्या टोकाच्या गावाने तिचा अनुभव केव्हाच घेतला आहे.