गरुडीने मागितलेलं वर्ष

१९६९ साली कॅथलिक चर्चने आपलं पंचांग झाडून घेतलं, तेव्हा संत व्हॅलेंटाइनचं नाव जगभर पाळायच्या सणांच्या यादीतून गळलं. चर्चचं म्हणणं अगदी कोरडं होतं. या माणसाचं नाव ठाऊक आहे, रोमहून उत्तरेला जाणाऱ्या फ्लामिनिया रस्त्यालगत त्याला पुरलं होतं हे ठाऊक आहे, त्यापलीकडे खात्रीचं काही नाही. हुतात्म्यांच्या नोंदवहीत तो अजून आहे. पण १४ फेब्रुवारीचा मान आता सिरिल आणि मेथोडियस या, स्लाव लोकांत धर्मप्रसार करणाऱ्या, दोन भावांकडे गेला आहे. ज्याच्या नावाने जग गुलाब विकत घेतं तो स्वतःच्याच घरात बेदखल झाला.

दंतकथांना मात्र तोटा नाही. सम्राट क्लॉडियसने सैनिकांच्या लग्नांवर बंदी घातली आणि व्हॅलेंटाइनने ती चोरून लावली. मरणाआधी त्याने तुरुंगाधिकाऱ्याच्या मुलीला चिठ्ठी लिहिली आणि खाली ‘तुझा व्हॅलेंटाइन’ अशी सही केली. दर फेब्रुवारीत आपली वर्तमानपत्रं हे इतिहास म्हणून छापतात. ही चोरटी लग्नं आणि ती चिठ्ठी पुष्कळ नंतरच्या लोकांनी पदरची घातलेली आहे. दुसरी लाडकी उपपत्ती रोमच्या लुपरकेलियाची. १५ फेब्रुवारीला बोकड आणि कुत्रा बळी द्यायचा, बोकडाच्या कातड्याच्या वाद्या हातात घेऊन उघड्याबंब तरुणांनी गावभर पळायचं, आणि त्या वादीचा फटका बसलेल्या बाईची कूस उजवते अशी समजूत. प्रकार रंगतदार खरा, पण तिथून प्रेमपत्रापर्यंत येणारी वाट कुणाला दाखवता आलेली नाही. जॅक ओरुच या अमेरिकी अभ्यासकाने १९८१ साली जुनी साधनं चाळून निष्कर्ष काढला की चॉसरच्या आधी व्हॅलेंटाइन आणि प्रेम यांची गाठ घातलेली कुठे सापडत नाही.

तेव्हा हा सण संताने दिला नाही, सम्राटानेही नाही. तो एका कवीने दिला, आणि तोही पाखरांना.

चौदाव्या शतकाच्या शेवटच्या दोन दशकांत कधीतरी जेफ्री चॉसरने ‘पार्लमेंट ऑफ फाउल्स’ हे काव्य लिहिलं. पाखरांची सभा भरली आहे. दिवस संत व्हॅलेंटाइनचा, प्रत्येक पाखराने आपला जोडीदार निवडायचा. सभेची अध्यक्ष निसर्गदेवी, आणि तिच्या हातावर बसलेली एक देखणी गरुडी. तिच्यासाठी तीन गरुड पुढे येतात. पहिला राजकुळातला, बाकीचे दोघे त्याहून खालच्या दर्जाचे. तिघेही दिवसभर आपली बाजू मांडत राहतात: माझं प्रेम खोल, माझं जुनं, मी तिच्यावाचून मरेन. सूर्य कलतो, खालच्या फांद्यांवरची साधी पाखरं कंटाळतात आणि कलकलाट सुरू होतो. त्यात एक हंसी शहाणपणाचं बोलून जाते: ती याच्यावर प्रेम करणार नसेल तर याने दुसरीवर करावं. घरंदाज पाखरं तिला हसतात. कबुतरी म्हणते, खरा प्रेमी मरेपर्यंत वाट पाहील. आणि मग देवी निवाडा गरुडीवरच सोपवते. देवीचा स्वतःचा कौल राजगरुडाकडे आहे, तो ती लपवतही नाही. पण निवड तिची, असं सांगते.

गरुडी कुणालाच हो म्हणत नाही. विचार करायला एक वर्ष द्या, आणि त्यानंतरही निवड माझीच राहू द्या, एवढंच मागते. देवी देते. तिघा गरुडांना सांगते, वर्षभर नीट वागा. बाकीची पाखरं जोड्या करून उडून जातात.

या सणाचं मूळ सांगणाऱ्यांपैकी फार थोडे या शेवटापर्यंत येतात, आणि मला तर सगळी गोम तिथेच दिसते. प्रेमाच्या दिवसाचं पहिलं काव्य ज्या प्रसंगाभोवती उभं आहे त्यात होकार नाहीच. एका मादीला मिळालेली थांबायची मुभा आहे. पुढच्या सहा शतकांत या दिवसाभोवती ज्या चाली पडल्या, त्यांतल्या बहुतेक मला याच एका अडचणीवर काढलेल्या तोडग्यांसारख्या वाटतात. प्रेम सांगणं अवघड नसतं. नाही म्हणणं आणि नाही ऐकणं अवघड असतं.

फेब्रुवारी १४७७ मधलं मार्जरी ब्रूजचं पत्र बघा. व्हॅलेंटाइन हा शब्द प्रियकरासाठी वापरणारं, इंग्रजीत शिल्लक असलेलं हे सगळ्यात जुनं पत्र मानतात; ब्रिटिश लायब्ररीत ठेवलेलं आहे. नॉर्फक परगण्यातल्या टॉपक्रॉफ्टची ही मुलगी, आणि जॉन पॅस्टन हा वर. पत्र लिहिलं का गेलं, तर हुंड्यावरून बोलणी अडली होती. मार्जरीचा बाप शंभर पौंड आणि पन्नास मार्कांच्या वर एक पै द्यायला तयार नव्हता आणि पॅस्टनांना ते पुरेसं वाटत नव्हतं. मुलीची आई मधल्या मध्ये खटपट करत होती. तिनेच जॉनला कळवलं होतं की शुक्रवारी व्हॅलेंटाइनचा दिवस, प्रत्येक पाखरू जोडीदार निवडतं, तेव्हा गुरुवारी रात्रीच मुक्कामाला ये आणि यांच्याशी बोल. आपल्याकडच्या कुठल्याही लग्नघरातली आई यात ओळखू येते.

मार्जरी लिहिते ते असं: तुझी मालमत्ता आहे त्याच्या निम्मीही नसती तरी मी तुला सोडलं नसतं. हे पत्र तुझ्याशिवाय कुणाच्या दृष्टीस पडू देऊ नकोस, असंही ती बजावते, जरी ते तिने बापाच्या पदरी असलेल्या थॉमस केला या कारकुनाकडूनच लिहवून घेतलं होतं. आणि लगेचच्या दुसऱ्या पत्रात ती जे म्हणते त्याला तोड नाही. एवढ्या पैशांत आणि माझ्यात तुझं समाधान होत असेल तर माझ्याएवढी सुखी मुलगी पृथ्वीवर नसेल. होत नसेल तर या कामासाठी पुन्हा येऊ नकोस, विषय इथेच मिटू दे, मी तुझं भलंच चिंतीन. हुंड्याच्या बाजारात उभी असलेली पंधराव्या शतकातली मुलगी समोरच्याला नकाराचं दार उघडून देते आहे, आणि तेही शाप न देता. त्याच वर्षी दोघांचं लग्न झालं.

पुढच्या काळाने सोपा उपाय शोधला: चिठ्ठ्या. सतराव्या शतकातल्या लंडनमध्ये व्हॅलेंटाइन चिठ्ठी उचलून ठरायचा, नाहीतर त्या सकाळी पहिल्यांदा नजरेस पडेल तो. सॅम्युएल पीप्स या नौदलातल्या अधिकाऱ्याच्या रोजनिशीत १६६२ ची नोंद आहे: घरात रंगारी धुराड्याच्या चौकटीला सोनेरी मुलामा देत होते, आणि ते दिसू नयेत म्हणून त्याच्या बायकोने सकाळभर डोळ्यांवर हात ठेवले. १६६७ साली तिचा व्हॅलेंटाइन ओळखीतला एक लहान मुलगा होता. निळ्या कागदावर सोनेरी अक्षरांत तिचं नाव लिहून घेऊन आला. शिवाय पीप्सही त्या वर्षी तिचा व्हॅलेंटाइन ठरला, आणि याचे आपल्याला पाच पौंड पडणार हे त्याने तिथल्या तिथे टिपून ठेवलं. चिठ्ठीने ठरवल्यावर नकाराचा प्रश्न उरत नाही, अर्थात प्रेमाचाही उरत नाही. भेटवस्तू तेवढी उरते. ‘बाजाराने या दिवसाचं वाटोळं केलं’ अशी तक्रार करणाऱ्यांनी पीप्सचे पाच पौंड आठवावेत. बाजार इथे कालपरवा आलेला नाही.

मग आला निनावीपणा. १८४० मध्ये इंग्लंडात एका पेनीत कुठेही पत्र जाऊ लागलं आणि सही नसलेल्या कार्डांचा पूर आला. सही नाही म्हणजे नकार येणार तो कुणाच्या नावावर? भित्र्यांसाठी याहून चांगली सोय नव्हती. अमेरिकेत वूस्टर गावी एस्थर हाउलंड या तरुणीने त्या दशकाच्या अखेरीस लेस आणि रंगीत कागदाची कार्डं करायचा कारखानाच काढला, टेबलाभोवती बायका बसवून, एकीने फुलं चिकटवायची, दुसरीने लेस. (तिने स्वतः लग्न केलं नाही.) पण याच काळात दुकानांत आणखी एक जात विकली जाई, तिला पुढे ‘व्हिनेगर व्हॅलेंटाइन’ नाव पडलं. स्वस्त कागद, भडक व्यंगचित्र आणि खाली झोंबणाऱ्या दोन ओळी: टक्कल, नाक, कंजूषपणा, काय वाटेल ते. नको असलेल्या प्रेमवीराला वाटेला लावायचीही तीच रीत. नाही म्हणायचं, पण कोण म्हणतंय ते कळू द्यायचं नाही.

मराठी वाचकाला हे परकं वाटायचं कारण नाही. आपल्या महाविद्यालयांच्या स्नेहसंमेलनात फिशपाँड पडत आले ते याच जातीचे. निनावी चिठ्ठ्या, जाहीर वाचन, सगळं सभागृह हसतंय आणि जिच्यावर किंवा ज्याच्यावर चिठ्ठी पडली त्यानेही हसायचं. पुष्कळ मुलांची न सांगितलेली प्रेमं त्या चिठ्ठ्यांत विरली आणि पुष्कळ मुलींचा छळही त्याच चिठ्ठ्यांनी केला.

जपानने तर हिशेब काटेकोर केला. तिथे १४ फेब्रुवारीला चॉकलेट बायका देतात आणि पुरुष घेतात. त्यात ‘होनमेई’ म्हणजे मनापासूनचं आणि ‘गिरी’ म्हणजे कर्तव्याचं, ते कचेरीतल्या साहेबाला आणि सहकाऱ्यांनाही द्यावं लागतं. १९७८ पासून मिठाईवाल्यांच्या संघटनेने १४ मार्चचा ‘व्हाइट डे’ रुळवला. त्या दिवशी पुरुषांनी परतफेड करायची. म्हणजे विचार करायला गरुडीला वर्ष, जपानी पुरुषाला महिना. माझा तर्क असा की गिरी चॉकलेटमुळे खऱ्या चॉकलेटलाही आडोसा मिळत असणार: नकार आलाच तर ‘अहो, कर्तव्याचंच होतं’ म्हणायला जागा. पण कर्तव्याचं ओझं इतकं झालं की २०१८ मध्ये गोडायव्हा या चॉकलेट कंपनीनेच वर्तमानपत्रात जाहिरात देऊन, गिरी चॉकलेट देणं थांबवा, असं सांगितलं.

आपल्याकडे नकार देण्याची कला नव्हती असं नाही. ‘पत्रिका जुळत नाही’ या वाक्याएवढं सुसंस्कृत नकारपत्र जगात क्वचितच सापडेल. दोष ना मुलाचा ना मुलीचा, मंगळाचा. ‘यंदा कर्तव्य नाही’ हे तर थेट गरुडीचं उत्तर. पण हे बोलण्याचा हक्क बापाचा, मामाचा, मध्यस्थाचा. पोह्यांची बशी पुढे करून बसलेल्या मुलीला तो नव्हता. ‘कळवतो’ म्हणून उठायचं ते मुलाकडच्यांनी. त्याआधीची परंपरा बघायची तर हालाच्या गाथासप्तशतीत, आपल्या महाराष्ट्री प्राकृतात, निरोप नेणारी दूती आहे, रुसलेली नायिका आहे, आणि बाई स्वतःच्या तोंडाने बोलते. ते मधल्या शतकांत कुठे हरवलं हा वेगळा विषय आहे, आणि मोठा आहे.

नव्वदच्या दशकात उपग्रह वाहिन्या आणि भेटकार्डांची दुकानं आली तेव्हा शहरांतल्या मुलामुलींनी हा दिवस उचलला. महाविद्यालयांत गुलाबांची भाषा ठरली: लाल म्हणजे प्रेम, पिवळा म्हणजे मैत्री. लालाच्या बदल्यात पिवळा देणं हा नकार, आणि त्याहून पक्का नकार म्हणजे राखी. मला यात त्या मुलींची हुशारी दिसते. सरळ ‘नाही’ म्हटलं तर काय होईल याची धास्ती असल्याशिवाय कुणी अंगावर आलेल्या मुलाला भाऊ करत नाही.

विरोध करणाऱ्यांना यातलं काही दिसलं नाही. त्यांनी दुकानांतली कार्डं जाळली, बागेत बसलेल्या जोडप्यांना पळवलं, या दिवशी आईवडिलांची पूजा करा म्हणाले. २०२३ साली तर केंद्राच्या पशुकल्याण मंडळाने गाईला मिठी मारायचं आवाहन केलं आणि चार दिवसांत मागे घेतलं. आमच्याकडे मदनोत्सव होता असं सांगणारेही होते. हर्षाच्या ‘रत्नावली’ नाटकाची सुरुवातच मदनोत्सवाने होते, तेव्हा त्यांचं खरंच आहे. पण वाद सगळा दिवस कोणाचा यावर रंगला. मावळातल्या गुलाबाच्या पॉलिहाउसचा मालक यात पडला नाही. डिसेंबरात छाटणी अशी साधायची की फेब्रुवारीच्या तोंडाशी लांब देठाची लाल कळी हाती यावी, एवढं तो जाणतो, आणि त्याचं बरोबर आहे.

दोन्ही बाजूंनी विसरलेली गोष्ट वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर असते. ‘एकतर्फी प्रेमातून’ हे दोन शब्द मथळ्यात दिसले की पुढची बातमी वाचावी लागत नाही. कोयता, ॲसिड नाहीतर पेट्रोल. यात प्रेम कुठून आलं हे मला आजवर कळलेलं नाही. आपल्या सिनेमांनी दोन-तीन पिढ्यांना शिकवलं की तिचं ‘नाही’ म्हणजे मध्यंतर. पाठलाग करत राहा, शेवटच्या रिळात ती हसेल. हंसीचं वाक्य त्या पटकथांत कुणी घातलं नाही, आणि भेटकार्डांच्या दुकानातही नकाराचा कप्पा नसतो.

कायद्याने मात्र नकाराची नोंद घेतली. बायकांवरच्या अत्याचारांचे कायदे तपासणाऱ्या न्या. वर्मा समितीनंतर २०१३ साली पाठलाग हा स्वतंत्र गुन्हा झाला. आता भारतीय न्याय संहितेचं ७८ वं कलम. बाईने नको असल्याचं स्पष्ट केल्यावरही पुरुष तिच्या मागे फिरत राहिला, संपर्क साधत राहिला, तर पहिल्या वेळी तीन वर्षांपर्यंत कैद, पुन्हा केलं तर पाच. प्राचार्यांना माझी एवढीच विनंती आहे: या फेब्रुवारीत ‘रोझ डे’ला परवानगी द्यायची असेल तर द्या, नसेल तर नका देऊ, पण सूचनाफलकावर हे कलम मराठीत, ठळक अक्षरांत लावा, आणि वर्गात एक तास त्यावर मुलांशी बोला.