चोरकप्पा

मराठी भाषेत एक अन्याय फार पूर्वीपासून चालत आलेला आहे. माणूस स्वतःच्या कपाटात, स्वतःच्या पैशाने, स्वतःचे दागिने चोरांपासून जपण्यासाठी एक कप्पा करून घेतो आणि भाषा त्याला म्हणते चोरकप्पा. बंडीच्या आतल्या खिशाला म्हणते चोरखिसा. म्हणजे ज्याला चोराची भीती, तोच चोर! माझ्या आजोबांच्या बंडीला असा खिसा होता. त्यात तपकिरीची डबी आणि एसटीचं तिकीट याखेरीज काही नसे. पण आजोबा काहीतरी दडवतात, हा संशय आम्हां पोरांच्या मनातून कधी गेला नाही.

हे आठवायचं कारण असं, की गेल्या पावसाळ्यात अस्मादिकांनी वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी एक चोरकप्पा केला. कॉम्प्युटरमध्ये.

आमच्या डोंबिवलीच्या घरात कॉम्प्युटर एक आणि मालक चार. २०२० साली शाळा घरात शिरली तेव्हा चिरंजीवांसाठी घेतला. त्यात आता सौ.चे ब्लाउजचे नमुने, आईच्या काशीयात्रेचे फोटो, चिरंजीवांची प्रोजेक्टं आणि एका कोपऱ्यात 'जुनी बिलं' नावाचा माझा फोल्डर. हे नाव मी विचारपूर्वक दिलं होतं. जुनी बिलं उघडून पाहणारा माणूस अजून जन्माला यायचाय. शिवाय उजवं बटण दाबून 'हिडन'वर खूणही केली होती. फोल्डर दिसेनासा झाला, मी निर्धास्त. एके दिवशी चिरंजीव म्हणाले, "बाबा, तुमच्या जुन्या बिलांचा बॅकअप घेऊ का?" त्याने फक्त 'लपवलेलं दाखवा' अशा अर्थाच्या चौकोनात टिचकी मारली होती. दाराला कडी न लावता नुसता पडदा ओढायचा, तसलाच हा प्रकार.

फोल्डरमध्ये होतं काय? तुमचा चेहरा मला इथून दिसतोय. तसलं काही नाही. चाळीसेक कविता होत्या (त्या लपवणं ही समाजसेवाच) आणि एक हिशेब होता. हिशेबाचं पुढे सांगतो.

तोडगा चिरंजीवांनीच सुचवला. व्हेराक्रिप्ट नावाचं कुलूप. "फुकट आहे, बाबा." फुकट म्हटल्याबरोबर माझ्यातला बी.कॉम. जागा झाला. कुलूप फुकट वाटणारा माणूस किल्लीची एक नक्कल नक्की स्वतःकडे ठेवत असणार. पण पोराचं म्हणणं, या कुलपाची आतली सगळी रचना कुणालाही वाचायला खुली आहे. मी म्हटलं, मग तर झालंच! तर नाही. ऑगस्ट केर्कहॉफ्स नावाचा एक डच भाषापंडित १८८३ सालीच सांगून गेलाय, की कुलपाची रचना शत्रूच्या हाती पडली तरी बिघडता कामा नये; गुपित काय ते किल्लीत असावं. हे मात्र मला पटलं. आमच्या शाखेतली तिजोरी कशी उघडते हे शिपायापासून सगळ्यांना ठाऊक आहे. किल्ल्या दोघांकडे असतात, म्हणून रात्री झोप लागते.

याच्या आधी ट्रूक्रिप्ट नावाचं असंच एक कुलूप होतं. २००४ साली निघालं. ते करणारे कोण, हे त्यांनी लोकांना कधी सांगितलं नाही आणि मे २०१४ मध्ये 'हे वापरणं सुरक्षित नाही' अशी पाटी लावून त्यांनी दुकान बंद केलं. त्यांच्याच मालमसाल्यावर हे नवं उभं आहे. कुलूप करणाऱ्यांनी स्वतःलाच असं कुलूप लावून घ्यावं, याचं मला कौतुक वाटलं.

मग एका रविवारी दुपारी, घरचे झोपलेले असताना, मी बसलो. आधी कप्पा केवढा हवा ते सांगायचं. मग पासवर्ड. वीस किंवा जास्त अक्षरांचा असावा, अशी त्याची शिफारस. मी तेवीस अक्षरांचा केला. मग म्हणे माउस खिडकीत वाटेल तसा हलवा, जितका हलवाल तितकं कुलूप पक्कं. कामाचा काही संबंध नसताना हात हलवत राहणं यात आमचा बावीस वर्षांचा अनुभव असल्याने ते उत्तम पार पडलं. बँकेत पासवर्ड विसरला तर आम्ही अर्ज घेतो, सही पडताळतो, उपकार केल्यासारखा नवा देतो. इथे अर्ज घ्यायला खिडकीच नाही. विसरलात, संपलं.

इथपर्यंत माझी सदसद्विवेकबुद्धी शांत होती. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं एकमताने सांगितलंय. पुट्टस्वामी खटला. (तो हक्क मुख्यत्वे सरकारपासून आहे, बायकोविरुद्ध कितपत चालतो, हे विचारण्याची माझी प्राज्ञा नाही.) गप्प राहणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे, हा माझा युक्तिवाद. गिऱ्हाइकाच्या खात्यात किती आहेत हे मी शेजाऱ्याला सांगत नाही, म्हणून मी खोटारडा ठरतो का? उलट नोकरीला लागताना गुप्ततेच्या प्रतिज्ञेवर सही घेतली जाते.

पण त्या कुलपात आणखी एक सोय आहे. कप्प्याच्या आत कप्पा. पासवर्ड दोन. कुणी मानगुटीवर बसून 'उघड' म्हणालं तर पहिला द्यायचा. आत ठेवलेला दिखाऊ माल त्याला दिसतो. दुसऱ्या पासवर्डाने खरा कप्पा उघडतो, आणि तो आहे हे सिद्धच करता येत नाही. ज्याच्या मागे हुकूमशहाचे पोलीस लागलेत, त्याच्यासाठी ही सोय म्हणजे जीवदान असेल. माझ्या मागे कोण? चहा घेऊन येणारी सौ. तरीही मी वरच्या कप्प्यात कविता आणि खालच्या कप्प्यात हिशेब अशी मांडणी मनात करूनच टाकली होती. तेवढ्यात धर्मराजाचा तो हत्ती आठवला. गप्प बसला असता तर रथ चार बोटं वरच राहिला असता. त्याने हत्ती पुढे केला, आणि मी कविता पुढे करत होतो.

आता हिशेब. धाकट्या भावाचं दुकान २०२० साली बसलं. २०२१च्या एप्रिलपासून चार वर्षं मी त्याला दरमहा तीन हजार पाठवले. एकूण एक लाख चव्वेचाळीस हजार. सौ.चं आणि त्याचं बोलणं नाही, आणि नसण्याची कारणं सौ.च्या बाजूने भक्कम आहेत. घरी मी 'पगारातून कसलीशी कपात होते' एवढंच सांगितलं. बँकेत ज्या रकमेची जागा ठरत नाही ती सस्पेन्स खात्यात टाकतात आणि ऑडिटर आला की सगळे घामाघूम होतात. माझं हे घरचं सस्पेन्स खातं. आणि पाहा, कुलूप चांगलं की वाईट याचा काथ्याकूट मी आज करतोय; खोटं मात्र चार वर्षांपूर्वीच, आमटी वाढून घेताना, विनामूल्य बोलून झालं होतं.

त्याच सुमारास शाखेत एक प्रसंग घडला. नाव-गाव सांगत नाही, प्रतिज्ञा अजून लागू आहे. एका बाईंचे यजमान वारले होते. त्या नॉमिनी. साक्षीदारांसमोर लॉकर उघडून यादी करायची होती, लिहायला मी. चार बांगड्या, एक साखळी, मुदत ठेवीची पावती. तळाशी रबरबँड लावलेली मनिऑर्डरच्या पावत्यांची चवड. एकच नाव, एकच गाव, अकरा वर्षं. बाईंनी एकेक उलटून पाहिली. नाव त्यांच्या ओळखीचं नसावं. मी पेन धरून उभा. "हे काय लिहू?" बाई बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "कागद लिहा. किरकोळ कागद." मी तसंच लिहिलं. सांगायला माणूस उरला नव्हता आणि त्या काय समजल्या असतील ते त्यांनाच ठाऊक. कदाचित तो बिचारा एखाद्या विद्यार्थ्याची फीच भरत असेल.

त्या रात्री मी खालचा कप्पा करायचा बेत सोडला. सगळं एकातच ठेवलं. तेवीस अक्षरं एका चिठ्ठीवर लिहिली, पाकिटात घातली, पाकीट डिंकाने बंद केलं आणि स्वयंपाकघरात जाऊन सौ.च्या पुढे धरलं.

"हे काय?"

"कॉम्प्युटरमधल्या माझ्या कप्प्याची किल्ली. मला काही झालं तर असू दे."

"आणि काही झालं नाही तर?"

याचं उत्तर मी तयार केलं नव्हतं. "तरी उघडलंस तरी चालेल," असं काहीतरी पुटपुटलो.

तिने पाकीट उजेडापुढे धरलं, उलटंसुलटं केलं, उघडलं नाही. "तुमची ती कपात थांबली का हो?" तिने विचारलं. सहज विचारल्यासारखं.

"गेल्या एप्रिलपासून," मी म्हटलं.

"बरं." तिने आमटी ढवळली. मी पाकीट घेऊन फडताळाकडे वळलो आणि तूरडाळीच्या डब्याचं झाकण उचलणार, तोच ती घाईघाईने म्हणाली, "तिथे नको हं! त्यात जागा नाहीये. साखरेच्या मागे ठेवा."

डबा चांगला पाच किलोचा आहे आणि डाळ महिनाअखेरीला तळाला गेलेली असते. मी पाकीट साखरेच्या मागे ठेवलं.