अडीच हजारांचा विद्यार्थी

गेल्या दिवाळीच्या आधी एका रात्री मी साधारण दहा मिनिटांसाठी पुन्हा विद्यार्थी झालो. वय २८, नोकरीला सहा वर्षं झालेली, इंजिनिअरिंगची डिग्री वसईच्या घरी कपाटातल्या फाइलमध्ये. तरीही एका खरेदीच्या ॲपवर 'मी विद्यार्थी आहे' या ओळीसमोर टिक केली आणि नालासोपाऱ्याच्या मावसभावाला फोन लावला. त्याच्या कॉलेजच्या ईमेलवर आलेला ओटीपी त्याने वाचून दाखवला. लॅपटॉपच्या किमतीतून २,५०० रुपये कमी झाले. "झालं का दादा?" त्याने विचारलं. "झालं रे," म्हणून मी फोन ठेवला.

हा लेख त्या २,५०० रुपयांबद्दल आहे. पण आधी पूर्ण हिशेब सांगतो, कारण खरं सांगायचं तर तो हिशेब मला अजूनही आवडतो.

लॅपटॉपची छापील किंमत ८९,९९०, तिच्यावर काट मारलेली. सेलची किंमत ६६,९९०. एका ठरावीक बँकेच्या क्रेडिट कार्डावर १० टक्के सूट, पण जास्तीत जास्त ४,५००. विद्यार्थ्यांना आणखी २,५०० चं कूपन. जुना लॅपटॉप दिला तर त्याचे ६,०००. सगळं वजा जाता ५३,९९०.

सवलतीवर सवलत रचण्यात कोडं सोडवल्यासारखी मजा असते. आधी टक्के काढायचे की आधी ठोक रक्कम वजा करायची? मर्यादा नसती, तर आधी १० टक्के आणि मग २,५०० कमी करण्यात २५० रुपये जास्त वाचले असते. उलट केलं तर त्या २,५०० वरचे १० टक्के आपण हकनाक सोडून देतो. इथे ४,५०० ची मर्यादा होती, त्यामुळे क्रमाने फरक पडत नव्हता. हे मी विरार लोकलमध्ये, एका हाताने वरची कडी धरून, दुसऱ्या हातातल्या फोनवर काढलं होतं. कार्ड माझ्याकडे नव्हतं, ऑफिसमधल्या मित्राकडे होतं. त्याने स्वतः ओटीपी टाकला, मी लगेच यूपीआयने पैसे दिले, त्याला पॉइंट मिळाले. दोघं खूश.

दुसऱ्या एका मित्राने याच्याही पुढचा मार्ग सांगितला. त्याच्या भावाची छोटी फर्म आहे. बिल फर्मच्या जीएसटी नंबरवर घ्यायचं, म्हणजे लॅपटॉपवरचा १८ टक्के कर फर्मला क्रेडिट म्हणून मिळतो आणि ते पैसे आपण वाटून घ्यायचे. ६६,९९० मध्ये कराचे सुमारे १०,२०० रुपये असतात. मी म्हणालो, "नको, ती चोरी झाली." इतक्या पटकन म्हणालो की स्वतःचंच कौतुक वाटलं. त्याच रात्री मी विद्यार्थी झालो.

म्हणजे एका खोट्याला मी चोरी म्हणालो आणि दुसऱ्याला ऑफर. असं का?

तेव्हा विचारलं असतं तर माझं उत्तर तयार होतं. कर बुडवला तर सगळ्यांचं नुकसान, कंपनीचे अडीच हजार गेले तर कोणाचं काय जातं? आणि कंपन्या तरी कुठे खरं बोलतात? ती काट मारलेली ८९,९९० ची किंमत बघा. एमआरपीपेक्षा जास्त घेऊ नये एवढंच कायदा सांगतो. त्या किमतीला ती वस्तू कधी कोणी विकत घेतली होती का, याच्याशी तिचा काही संबंध नसतो. किंवा 'झिरो परसेंट ईएमआय' घ्या. शून्य टक्के व्याज असं काही अस्तित्वातच नसतं, व्याज दुसऱ्या नावाखाली वसूल होतं, हे रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना सुनावलं होतं. आता तीच गोष्ट 'नो कॉस्ट' नावाने येते. विक्रेता व्याजाएवढी सूट आधी देतो, बँक व्याज लावते आणि त्या व्याजावरचा जीएसटी तुमच्या कार्डावर येतो. 'फक्त २ शिल्लक', 'ऑफर संपायला ११ मिनिटं' अशी घाईही अनेकदा खोटीच असते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये अशा १३ क्लृप्त्यांची यादी काढून त्यांना मनाई केली, त्यात ही खोटी घाईसुद्धा आहे.

ते आपल्याशी असे वागतात, मग आपण एक टिक खोटी केली तर काय बिघडलं? या युक्तिवादावर मी तीन महिने आरामात झोपलो.

जानेवारीत मावसभावाचा लॅपटॉप बंद पडला. मदरबोर्ड गेला होता, दुरुस्तीचा खर्च करण्यात अर्थ नव्हता. तो तिसऱ्या वर्षाला आहे, प्रोजेक्ट डोक्यावर. त्याने तीच विद्यार्थ्यांची ऑफर उघडली, ईमेल टाकला, आणि समोर आलं की या ईमेलवर या वर्षाची सवलत आधीच वापरली गेली आहे. एका ईमेलवर वर्षातून एकदाच, ही अट ऑफरच्या खाली बारीक अक्षरांत होती. मी ती वाचलीही होती. ओटीपी मागताना त्याला सांगितली नाही, एवढंच.

तो मला काही बोलला नाही. मावशी आईला बोलली, तेही तक्रार म्हणून नाही. "तुझ्या लेकाने वापरलं होतं म्हणे, असू दे, त्याच्या तरी उपयोगी पडलं." आईने ते मला जेवताना सांगितलं. मी भात कालवत राहिलो.

त्यानंतर माझी ती सवलतींची यादी मी पुन्हा काढून पाहिली, या वेळी बेरीज-वजाबाकी सोडून. प्रत्येक सवलत म्हणजे दुकानाने विचारलेला एक प्रश्न असतो. त्याच वस्तूला कोण किती मोजायला तयार आहे हे दुकानाला जाणून घ्यायचं असतं, आणि सरळ विचारलं तर कोणी खरं सांगत नाही. म्हणून आडून विचारतात. तुमच्याकडे सेलची वाट पाहायला वेळ आहे का? अमुक बँकेचं कार्ड आहे का? जुना लॅपटॉप आहे का? तुम्ही शिकताय का? ज्याचं उत्तर 'हो', त्याला किंमत कमी. अर्थशास्त्रात याचा अभ्यास जुना आहे. पिगू या इंग्रज अर्थतज्ज्ञाने १९२० मध्येच अशा वेगवेगळ्या किमती लावण्याचे तीन प्रकार मांडले होते. आपल्याकडची मासळीवाली मावशी तर पिगूच्या नावाशिवाय हे रोज करते. ती तुमचा चेहरा, तुमची घाई, तुमची पिशवी बघून पापलेटाचा भाव सांगते. पण तिथे तुम्हीही तिच्याकडे बघत असता. घासाघीस समोरासमोर होते आणि कोण कोणाला किती सोडतंय हे दोघांनाही दिसतं. ॲपवर ते दिसत नाही.

आता माझ्या चार प्रश्नांकडे बघा. सेलची वाट बघणं मला परवडत होतं, कारण जुना लॅपटॉप चालू होता. क्रेडिट कार्डवाला मित्र मला होता, कारण मी अशा ऑफिसात काम करतो जिथे प्रत्येकाच्या खिशात दोन कार्डं असतात. द्यायला जुना लॅपटॉप होता. या तीनही प्रश्नांची उत्तरं ज्याच्याकडे आधीच काहीतरी आहे त्यालाच 'हो' अशी देता येतात. मावशीकडे क्रेडिट कार्ड नाही. मावसभावाचा जुना लॅपटॉप बंद होता, त्याला कोणी काही दिलं नसतं. आणि प्रोजेक्ट असताना त्याला दिवाळीच्या सेलपर्यंत थांबता येत नव्हतं. चारपैकी एकच सवलत अशी होती जी ज्याच्याकडे कमी आहे त्याच्यासाठी ठेवलेली होती. तीन खरं बोलून घेतल्यावर ती चौथीसुद्धा मी खोटं बोलून घेतली.

कंपनीने ती काही दयेपोटी ठेवली नव्हती, हे मला कळतं. आज विद्यार्थी असलेलं गिऱ्हाईक उद्या पगारदार होतं, असा तो हिशेब असतो. पण हेतू काहीही असो, त्या २,५०० रुपयांची माझ्या मावसभावाला गरज होती आणि मला नव्हती. ही गोष्ट कंपनीच्या खरं-खोटं बोलण्याने बदलत नाही. 'ते फसवतात म्हणून मी फसवलं' हे म्हणायला ठीक आहे, पण माझ्या फसवण्याचा फटका त्यांना बसलाच नाही.

जर्मन तत्त्ववेत्ता कांट याने १७८५ साली एक कसोटी सांगितली होती. तुम्ही जे करताय तो सगळ्यांचा नियम झाला तर काय होईल, ते बघा. सगळेच विद्यार्थी म्हणून टिक करू लागले तर विद्यार्थ्यांची सवलत उरणारच नाही. कॉलेजात असताना हे वाचलं तेव्हा मला ते पोकळ वाटलं होतं. सगळे कुठे करतात, असं वाटायचं. आता वाटतं, मुद्दा नेमका तिथेच आहे. माझी युक्ती चालली, कारण बाकीचे बहुतेक लोक खरं बोलत होते. त्यांच्या खरेपणाच्या जोरावर मी २,५०० वाचवले. करचोरीला मी नाही म्हणालो होतो तेही याच कारणाने, फक्त तिथे 'बाकीचे लोक' मला दिसत होते.

बचत करायलाच हरकत आहे असं मी म्हणत नाही. आम्ही गोरेगावात भाड्याने राहायचो तेव्हा आई मुंबई ग्राहक पंचायतीच्या संघात होती. १९७५ मध्ये सुरू झालेली ही संस्था. दर महिन्याला घराघरातून याद्या जायच्या, ठरलेल्या दिवशी माल यायचा, आणि संघातल्या बायका-पुरुष मिळून तो उतरवायचे, वाटायचे, हिशेब जुळवायचे. मला आठवतो तो चाळीच्या पॅसेजमध्ये पसरलेला गूळ-डाळींचा वास, आणि आपली पाळी आली की आईची होणारी धावपळ. पैसे तिथेही वाचायचे, एकत्र घेतल्यामुळे आणि स्वतः राबल्यामुळे. पण एकाला स्वस्त पडावं म्हणून दुसऱ्याचा वाटा कमी होत नसे. उलट संघात घरं वाढली तर सगळ्यांचाच फायदा. आईला मी माझा ५३,९९० चा हिशेब मोठ्या अभिमानाने दाखवला होता. तिने एवढंच विचारलं होतं, "एकट्यानेच केलंस एवढं सगळं?" तेव्हा मला ते कौतुक वाटलं होतं.

मावसभावाला मी २,५०० पाठवले. त्याचा मेसेज आला, "हे कशाचे?" मी मोठं उत्तर टाइप केलं, खोडलं, आणि फोन केला. अट मला माहीत होती, तरी तुला सांगितली नाही, असं सांगितलं. तो थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "सांगितलं असतंस तरी मी ओटीपी दिलाच असता दादा." मला वाटतं ते खरं आहे. आणि म्हणूनच सांगायला हवं होतं. मग ते त्याने मला दिलेले २,५०० झाले असते.

एक हिशेब मात्र यूपीआयने मिटत नाही. माणिकपूरला एका गाळ्यात लॅपटॉपचं दुकान आहे. इंजिनिअरिंगला असताना तिथल्या काकांनी माझ्या लॅपटॉपमध्ये एसएसडी बसवून दिली होती आणि पैसे दोन हप्त्यांत घेतले होते. ऑर्डर करण्याआधी मी त्यांच्याकडे जाऊन तेच मॉडेल अर्धा तास हाताळलं होतं. कीबोर्ड कसा आहे, स्क्रीन उन्हात दिसते का, सगळं. त्यांनी भाव सांगितला ६८,५०० आणि जुन्याचे ४,०००. "घरी विचारून सांगतो काका," असं म्हणून मी निघालो होतो. घरी मला काही विचारायचं नव्हतं. सगळं धरून ॲपवर मला १०,५१० रुपयांनी स्वस्त पडलं, आणि त्यात त्यांचा तो अर्धा तास कुठेच धरलेला नाही. मावसभावाने जानेवारीत लॅपटॉप घेतला तोही त्यांच्याकडूनच, तीन हप्त्यांत, कार्डाशिवाय.

परवा त्यांच्याकडे माउस घ्यायला गेलो. भाव केला नाही. त्यांनीच विचारलं, "लॅपटॉप घेतलास ना मग?" मी हो म्हणालो, आणि कुठून घेतला तेही सांगितलं.

"कितीला पडला?"

मी आकडा सांगितला. जुना धरून, कूपनं धरून. ते रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी माउसचं बिल फाडून माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "एवढ्याला तर मलाच डीलरकडून येत नाही रे."