थोड्यांचा श्वास आणि पुष्कळांचें हित

निद्रेस आपण विश्रांति म्हणतों. परंतु देहाचें एक काम झोपेंतहि थांबत नाहीं, तें म्हणजे श्वासोच्छ्वास. जागेपणींच हें काम ज्यांना कसेंबसें साधतें, त्यांना रात्र हीच संकटाची वेळ होते. हॉलंडमधील डॉक्टर पॉम्पे यांनीं १९३२ सालीं वर्णिलेला आनुवंशिक रोग असाच आहे. एका पाचक द्रव्याच्या उणिवेमुळें ग्लायकोजेन स्नायूंत सांचत जातें व स्नायु क्षीण होतात. छाती व पोट यांमधलें श्वासपटल दुबळें झालें, कीं दिवसां बसून बोलणारा मनुष्य उताणा निजतांच गुदमरूं लागतो. पोटाचा भार त्या पटलावर येतो. स्वप्नें पडतात त्या झोपेंत तर इतर साहाय्यक स्नायु शिथिल होऊन सारें ओझें त्या एकट्यावर पडतें. रक्तांत अशुद्ध वायु सांचतो, सकाळीं डोकें दुखतें, दिवसां डुलक्या येतात. आणि घरचींच माणसें त्याला आळशी ठरवितात! मुखवट्यावाटे हवा आंत ढकलणारें यंत्र अशा रोग्यास रात्रभर लागतें. २००६ पासून औषधहि आहे; पण तें दर पंधरवड्यास, जन्मभर शिरेंतून द्यावयाचें, आणि सुखवस्तु घरासहि न झेपणारें.

एकावर इतका पैसा घालण्यापेक्षां तेवढ्यांत पुष्कळ मुलें वांचतील, असें हिशेबी मनुष्य म्हणतो. हा हिशेब खोटा नाहीं, म्हणूनच तो अवघड. पण महाराष्ट्रानें तो पूर्वीं ऐकलेला आहे. मुंबईला वीज हवी म्हणून मुळशीच्या मावळ्यांनीं भातखाचरें सोडावीं, असा तो होता. १९२१ सालीं सेनापति बापटांसह मावळे त्याविरुद्ध उभे राहिले. तरीहि धरण झालें, गांवें बुडालीं. जमीन काढून घेणें व औषध न देणें हीं एकच नव्हेत, हें मान्य. परंतु दोन्हीकडे हिशेब मांडणारा वजा होणाऱ्यांपैकीं नव्हता. त्यांतून या रोगाचा दोष आईबाप दोघांकडून येतो व ते स्वतः निरोगी असतात. तेव्हां 'ते थोडे' कोणाच्या घरीं जन्मतील, हें हिशेबनिसासहि ठाऊक नसतें.

केंद्र सरकारनें २०२१ सालीं दुर्मिळ रोगांचें धोरण आंखलें आणि २०२२ सालीं मदतीची मर्यादा ५० लाख रुपयांपर्यंत नेली. जन्मभराच्या औषधास मर्यादा कशी घालावी, हा वाद लांबेल; लांबो. रात्रीच्या यंत्राची गोष्ट त्याहून पुष्कळ स्वस्त आहे. मुळशीच्या डोंगरांत श्रावणांतल्या वादळी रात्रीं वीज गेली, आणि एखाद्या घरीं असा रोगी यंत्रावर निजलेला असला, तर उशाशीं कोणी तरी जागें राहिलेंच पाहिजे. त्या घरीं एक जादा बॅटरी पोंचविणें कोणत्या हिशेबांत बसत नाहीं, तें मला कोणीं दाखवावें.