उसनं तोंड

दोन माणसांना आपण त्यांचा अनुभव विचारल्याशिवाय डोकं देत नाही. एक न्हावी आणि दुसरा दाताचा डॉक्टर. दोघंही आपल्याला खुर्चीत बसवतात, मान हवी तशी वळवतात आणि हातात हत्यार असताना गप्पा मारतात. फरक एवढाच, की न्हाव्याला आपण उत्तर देऊ शकतो. पण हा अनुभव त्यांना कोणाच्या मानेवर आणि कोणाच्या दाढेवर मिळाला, हे काही आपण विचारत नाही. आपली सोडून दुसऱ्या कोणाची तरी दाढ, एवढ्यावर आपलं समाधान असतं.

माझंही होतं. ते मोडलं २०२० सालच्या टाळेबंदीने आणि माझ्या भाचीने. भाची तेव्हा बी.डी.एस.च्या तिसऱ्या वर्षाला होती. हा अभ्यासक्रम चार वर्षांचा, वर एक वर्ष इंटर्नशिप. पहिली दोन वर्षं मुलं मेणाचे दात कोरतात आणि 'फँटम हेड' नावाच्या नकली मुंडक्यातले खोटे दात पोखरतात. हे मुंडकं ग्लासगोच्या ऑस्वल्ड फर्गस यांनी १८९४ साली काढलं. फार सोशिक गृहस्थ! त्याला लाळ सुटत नाही, त्याची जीभ मध्ये येत नाही आणि "झालं का?" असं ते दर मिनिटाला विचारत नाही. तिसऱ्या वर्षी मात्र खुर्चीत जिवंत माणूस येतो. भाचीच्या खुर्चीत तो येऊ लागून थोडे महिने झाले, तोच २५ मार्चला सारा देश घरी बसला.

त्यातून रोग नाकातोंडातून पसरणारा. दात कोरायचं ते एअरोटर नावाचं यंत्र मिनिटाला तीन-चार लाख फेरे घेतं, आणि दात तापू नये म्हणून सोडलेलं पाणी लाळेसकट तुषारांसारखं उडतं. सगळा देश तोंड झाकून बसलेला, आणि या विद्येला पाहिजे उघडं तोंड! मग कॉलेज मोबाइलवर भरू लागलं.

ताई आमच्याच सोसायटीत राहते. बँका चालू होत्या, त्यामुळे मी संध्याकाळी दमून येताना तिच्याकडे डोकावत असे. भाची कपड्याच्या साबणाच्या वडीतून दाढ कोरत बसलेली असायची. "आता नीट बघा, इथे हात हळूच वळवायचा," असं सर म्हणाले, की नेमकं त्याच वेळी नेटवर्क जायचं. खोटं कशाला बोला, फायदेही होते. एरवी सरांच्या भोवती कोंडाळं व्हायचं आणि मागच्यांना फक्त पुढच्यांचे अ‍ॅप्रन दिसायचे. इथे सगळ्यांना सगळं दिसत होतं. पण एकदा सर म्हणाले, "किडलेला भाग टोचणीला मऊ लागतो, चांगला भाग टणक." हिने विचारलं, "सर, मऊ म्हणजे किती मऊ?" पलीकडे जरा शांतता पसरली. मग सर म्हणाले, "ते हाताला कळतं."

मी बी.कॉम. आहे, तेव्हा मला हे पटलं. तीन वर्षं बँकिंग शिकूनही मी व्हाउचर पाहिलं नव्हतं, ते पाहिलं नोकरी लागल्यावर. पण आमच्याकडे चुकीची नोंद झाली तर उलटी नोंद करता येते. दाताला ती सोय नाही. त्याचं वरचं कठीण कवच एकदा कोरलं, की शरीर ते पुन्हा बनवत नाही.

म्हणून मी भाचीला म्हटलं, "मला तर हा मोबाइलच बरा वाटतो. कोणाला दुखत नाही. तुमच्या कॉलेजात येतं कोण? ज्याला बाहेरच्या दवाखान्याचं बिल परवडत नाही तो. हमाल, मोलकरणी. एक दात भरायला तीन-तीन तास आ करून बसायचं, आणि तुमचा इतक्या केसेसचा कोटा पुरा करायचा. तो पेशंट की तुमची वही?"

मला वाटलं, निरुत्तर केलं. भाची साबणाचा भुगा झाडत म्हणाली, "मामा, पहिलं इंजेक्शन देताना माझा हात थरथरत होता. सर मागे उभे होते, तरीही. खुर्चीतल्या आजींनी माझं मनगट धरलं आणि म्हणाल्या, 'घाबरू नको बाळा, दे सावकाश.' सुई कुठे टोचायची ते मोबाइलवर कळतं रे. पण त्या आजींचं दुखू नये असं मला जे वाटलं, ते या साबणाबद्दल कसं वाटेल?"

यावर मामा गप्प.

जमाखर्चाचा एक जुना नियम आहे: घेणाऱ्याला नावे, देणाऱ्याला जमा. प्रत्येक कुशल हात हा असा कोणाच्या तरी खात्यावरून उचललेला असतो. पुढे दवाखाना थाटल्यावर डॉक्टर बापाची फी आठवतो, बँकेचं कर्ज आठवतो (आम्ही विसरूच देत नाही), सरांचा फोटोही लावतो. पण आजींच्या खात्यावर जमा कोणी दाखवत नाही. दूरच्या शिक्षणात तेवढ्यापुरती उसनवारी टळली हे खरं, पण फेडायची जाणीवही टळली. आणि हात तर कधीतरी, कोणाच्या तरी तोंडात पहिल्यांदा जाणारच. तेव्हा कोणाच्या तोंडात, हा प्रश्नच नाही. त्या माणसाला सांगून-विचारून हात घातला का, मागे जाणतं कोणी उभं होतं का, आणि पुढे ती उसनवारी लक्षात राहिली का, हे खरे प्रश्न. शिवाय आणखी एक, जरा अडचणीचा. ही उसनवारी नेहमी गरिबानेच का द्यावी?

या शेवटच्या प्रश्नाने मला फार छळलं. पुढे कॉलेज उघडलं तेव्हा मी रजा टाकली, रांगेत केसपेपर काढला आणि भाचीच्या खुर्चीत जाऊन बसलो. एक दाढ भरायला अडीच तास लागले. सर तीनदा येऊन वाकून बघून गेले आणि सही करून गेले. मधे भाचीने विचारलं, "मामा, दुखतंय?"

तोंडात तिची दोन बोटं, आरसा आणि कापूस होता. त्यामुळे मी जे काही उत्तर दिलं, ते तिने नाही असं धरलं.