लॉबीतला नटराज

मोठ्या हॉटेलात पाऊल टाकताच समोर नटराजाची मूर्ती दिसली, तर तुमचे हात आपोआप जोडले जातात, की आधी खिशातला फोन बाहेर येतो?

आजकाल हॉटेलांच्या अंतर्गत सजावटीत देवळातल्या आणि घरातल्या जुन्या वस्तू सर्रास दिसतात. केरळात ज्या उरुळीत पायसम शिजते, तिच्यातल्या पाण्यावर फुले तरंगत असतात. कोरीव दारे, समया, दगडी खांब. चेन्नईत २०१२ साली सुरू झालेल्या आयटीसी ग्रँड चोला या हॉटेलाचे तर नावही चोळांचे आणि रचनेची प्रेरणाही त्यांच्या मंदिरांची. हे पाहून आपल्यापैकी काहींना अभिमान वाटतो, काहींना संताप येतो. मला दोन्ही थोडे घाईचे वाटतात.

शास्त्राचे उत्तर सोपे आहे. प्राणप्रतिष्ठा झाली नसेल, तर ते शिल्प. तमिळनाडूत स्वामीमलईचे स्थपती आजही आधी मेणाची मूर्ती घडवतात, तिच्यावर माती लिंपतात, मेण वितळवून त्या जागी धातू ओततात. तीच मूर्ती देवळात प्रतिष्ठित झाली तर देव, दिवाणखान्यात गेली तर शोभा. उत्तर बरोबर आहे, पण मला ते पुरत नाही. ‘हा नुसता धातू’ असे म्हणून आपण फार लवकर मोकळे होतो.

मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी, त्यामुळे नजर हिशेबाकडे जाते. चोळांच्या काळातील शिलालेखांत मंदिरातल्या नंदादीपासाठी दिलेली दाने नोंदलेली आहेत. एका दिव्यामागे बहुधा ९६ मेंढ्या. त्या सांभाळणाऱ्याने देवळाला रोज ठरलेल्या मापाने तूप द्यायचे. म्हणजे दिवा लागला, की त्याच्याशी कोणीतरी बांधला जाई, आणि ते बंधन त्याच्या माघारीही चालू राहावे अशी अपेक्षा असे. हॉटेलाच्या खातेवहीत तीच समई फर्निचरच्या सदरात बसते आणि दरवर्षी तिच्यावर घसारा लागतो. तिने कोणालाच बांधलेले नसते.

निदान मला तसे वाटत होते. गेल्या वर्षी एका कार्यशाळेसाठी चेन्नईत हॉटेलात राहिलो होतो. पहाटे खाली आलो, तर एक सफाई कर्मचारी लॉबीतला नटराज पुसायच्या तयारीत होता. टेबले पुसायचे फडके त्याने बाजूला ठेवले. बूट काढले. खिशातून वेगळे, धुतलेले फडके काढले आणि मग मूर्तीला हात लावला. पायाखालच्या अपस्मारापासून वर ज्वालांच्या वलयापर्यंत, सावकाश. असा नियम व्यवस्थापनाने केला असेल असे वाटत नाही. आदल्या रात्री त्याच मूर्तीकडे पाठ करून मी फोटो काढून घेतला होता.

आमच्या नव्या फ्लॅटमधले देवघरही छान आहे बरं का. रंग सोफ्याशी जुळणारा, मागे एलईडीची पट्टी, हार प्लॅस्टिकचा, कारण रोज फुले आणायची कोणी? पाहुणे आवर्जून कौतुक करतात. हॉटेलवाल्यांना चार शब्द सुनवावेत म्हणून हा लेख लिहायला घेतला आणि बाळकृष्णाचे वस्त्र शेवटचे कधी बदलले, हे आईला विचारावे लागले. ती काही बोलली नाही. कपाटातून वस्त्रांची डबी काढून तिने माझ्या हातात दिली.