जिंकण्याची आशा नसतां

साताऱ्यास २०१२ सालापासून भरणारी अर्धमॅरेथॉन यवतेश्वराचा घाट चढून कासच्या रस्त्यावर वळसा घेते व त्याच वाटेनें गांवांत परतते. २१ किलोमीटरांहून किंचित् अधिक अशा या वाटेवर हजारों माणसें धांवतात. जिंकण्याची आशा मात्र मोजक्यांनाच असते. मग बाकीच्यांच्या धांवण्यास स्पर्धा म्हणावें काय?

एखाद्या क्लबांतील सामान्य धांवपटूस विचारल्यास, 'माझी स्पर्धा माझ्याशींच', असें तो सांगेल. हें उत्तर गोड खरें, पण अपुरें आहे. स्वतःशींच स्पर्धा असती, तर पहांटे एकट्यानें घाट चढून घड्याळ पाहिलें असतें तरी भागलें असतें. इतरांची गरज कां भासावी?

माझ्या मतें, गरज आहे ती साक्षीची. एकांतांत मनुष्य स्वतःशीं सहज तडजोड करतो. चढ लागतांच कांहीं तरी सबब काढून चालूं लागतो, आणि ती सबब तपासणारा कोणी नसतो. शर्यतींत अंतर व चढ सर्वांस सारखेच. परतणारा पहिला व अजून चढणारा शेवटचा घाटांत समोरासमोर येतात, तेव्हां दोघांस एकच माप लागू आहे, हें ध्यानांत येतें. बक्षीस पहिल्यासच, परंतु आपल्या शक्तीचें खरें माप दोघांसही मिळतें. पन्नाशी उलटलेल्यास तें बहुधा वर्षानुवर्षें घटतांनाच दिसणार. तरीहि चौघांदेखत स्वीकारलेलें अप्रिय सत्य एकांतांतील गोड समजुतीहून श्रेष्ठ होय. हरण्याची खात्री असूनहि जो सर्वांच्या मापास उभा राहतो, तो स्पर्धक नव्हे असें कोण म्हणेल?